शेषरावभाऊंचे कान

शेषरावभाऊ मनवर पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा त्यांनी टीव्हीकडे पाहिलंसुद्धा नाही. खांद्यावरची खाकी पिशवी भिंतीला टेकवली, खोलीभर नजर फिरवली आणि विचारलं, "बसाची जागा कोनती?"

मला वाटलं, स्वतःच्या बसण्याचं विचारताहेत. मी खुर्ची पुढे केली.

"माह्यं नाही विचारून राह्यलो, सर. टीव्ही पाह्याले तुमच्या घरचे कुठं कुठं बसतात?"

मग मी जागा दाखवल्या. आई खिडकीजवळच्या दिवाणावर. माझी बायको सुषमा स्वयंपाकघराच्या दाराशी, अर्धी आत, अर्धी बाहेर. आणि मी सोफ्याच्या कोपऱ्यात, जिथे गेल्या काही वर्षांत माझ्या मापाचा खड्डा पडला आहे. शेषरावभाऊ एकेका जागी जाऊन बसले. दिवाणावर आईसारखे पाय वर घेऊन बसले. दाराच्या चौकटीला सुषमासारखे टेकून उभे राहिले. माझ्या खड्ड्यात बसले आणि लगेच उठले.

"इथं झोप बाकी चांगली लागत असन," म्हणाले.

कळंबात कुणाच्याही घरी टीव्हीला साउंड सिस्टीम जोडायची असली की त्यांचं काम इथूनच सुरू व्हायचं. पिशवी उघडायच्या आधी घरातली प्रत्येक बसायची जागा ते स्वतः बसून पाहायचे. काही घरांत लोक वैतागायचे. एका घरच्या सुनेने म्हणे विचारलं होतं, "तुम्ही वायर जोडायला आलात की घर विकत घ्यायला?" यावर ते म्हणाले होते, "ऐकनारा कुठं बसते हेच मालूम नाही, तं आवाज पाठवू कुठं, बाई?"

आमच्या घरातला मामला असा होता. जुना टीव्ही गेला आणि नवा आला. नवा इतका पातळ की त्यात आवाज ठेवायला जागाच नव्हती. त्याची तोंडं मागच्या बाजूला, म्हणजे सगळी पात्रं भिंतीकडे पाहून बोलत. आईचे कान आधीच थोडे कमी. आठ दिवस तिने पाहिलं आणि मग म्हणाली, "हे लोक भिंतीसंगं बोलून राह्यले. मी काहून मधात बसू?" नवव्या दिवशी ती जेवण झाल्याबरोबर आतल्या खोलीत जाऊन पडली. ज्या बाईने मालिकेतल्या सासवांशी रोज भांडण केलं, तिने असं मुकाट्याने आत निघून जावं, हे मला बरं वाटेना.

म्हणून मी माळ्यावरून जुनं होम थिएटर काढलं. स्पीकरचा एक मोठा डबा, पाच लहान. मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवतो. नववीचा ध्वनीचा पाठ मला तोंडपाठ आहे आणि त्यावर माझे विद्यार्थी चांगले गुण मिळवतात. एक अख्खा रविवार टीव्हीच्या मागे घालवून मी सगळं जोडलं आणि सुषमाला हाक मारली.

"आवाज आधी होता तेवढाच आहे की," ती म्हणाली. मग टीव्हीजवळ येऊन, "नाही. आता तेवढाही नाही."

शेवटी तिनेच बाजारात निरोप ठेवून शेषरावभाऊंना बोलावलं. सगळ्या जागी बसून झाल्यावर ते बॅटरी घेऊन टीव्हीच्या मागे वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले.

"हे कोनं जोडलं, सर?"

"का? काय झालं?"

"नाही, काही नाही. इकडून बाहेर जानारं तिकडल्या बाहेर जानाऱ्यालेच जोडलं. दोघंबी बोलून राह्यले. ऐकाले कोनी नाही."

"आमच्या घरी असंच चालतं, भाऊ," सुषमा दारातून म्हणाली.

खरी अडचण पुढेच होती. आमच्या जुन्या डब्याला लाल-पांढऱ्या पिना लागत आणि नव्या टीव्हीला तसली भोकंच नव्हती; मी वायर खुपसली होती ते हेडफोनचं बारीक भोक, त्यातून निघणारा आवाज दुबळा. त्याशिवाय मागे एकच चौकोनी भोक, त्यात लाल उजेड. शेषरावभाऊंनी पिशवीतून काडेपेटीएवढी एक डबी काढली. एका बाजूने उजेडाची बारीक वायर आत, दुसऱ्या बाजूने लाल-पांढऱ्या पिना बाहेर. नुसती खरखर आली. मला जरा समाधान वाटलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि एक वही काढली. त्यात निरनिराळ्या टीव्हींच्या पाठी पेन्सिलने काढलेल्या होत्या. पोरांच्या वहीत मोर-हत्ती असतात तशा. मग रिमोट घेऊन टीव्हीच्या सेटिंगमध्ये शिरले, 'ऑटो' होतं तिथे 'पीसीएम' केलं, आणि खोलीत माणसं बोलू लागली.

"उजेडातून आवाज जाते," ते मला म्हणाले. "तुमी शिकवतच असान पोरायले."

मी मान हलवली. शिकवत नव्हतो. आता शिकवतो.

सहा डब्यांपैकी त्यांनी तीनच लावले. त्यातला एक थेट आईच्या दिवाणाच्या उशाशी. उरलेले माझ्या हातात देऊन माळ्याकडे बोट दाखवलं. मी कुरकुरलो. सगळे लावले तर थिएटरसारखं वाटेल, म्हणालो.

"सिनेमात मांगून गाडी जाते, तिच्यासाठी हे डबे हायेत. तुमच्या घरात मांगून कोन येते?"

"मी," सुषमा म्हणाली.

"तुमाले डब्याची गरज नाही, वहिनी."

आवाज मोठा करून मागणाऱ्यांचा त्यांना मनापासून राग होता. "आवाज वाढवनं म्हंजे दुरुस्ती नाही," असं ते म्हणायचे. "आवाज मानसापाशी नेऊन ठेवाचा." डब्यावर लोकरीचा रुमाल नाहीतर फुलदाणी दिसली, की आधी ती उचलून घरधन्याच्या हातात द्यायचे. काम चालू असताना डब्यावर तळवा ठेवून डोळे मिटायचे. ही त्यांची समाधी, असं मी धरून चाललो होतो. आणि काम झालं, असं ते स्वतः कधी ठरवत नसत. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारायचे, "माय, आता काय म्हनली ती टीव्हीतली?" त्या माणसाने वाक्य जसंच्या तसं परत म्हटलं, तरच चहाला हात लावायचे. आईने वाक्य म्हणून दाखवलंच, वर ते बोलणारी कशी लबाड आहे आणि तिचं लग्न कुणामुळे मोडलं, तेही सांगितलं. शेषरावभाऊंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चहा आना, वहिनी."

महिन्याभराने उंदराने उशाशी जाणारी वायर खाल्ली. ते पुन्हा आले. वायर या वेळी दाराच्या वरून न्यायची म्हणून दाराशी स्टुलावर चढले. आमच्या दाराची बेल चिमणीसारखी वाजते. ती त्यांच्या कानापासून हातभर अंतरावर. बेल वाजली. ते खिळा ठोकत राहिले. पुन्हा वाजली. तिसऱ्यांदा वाजली तेव्हा मी म्हणालो, "भाऊ, जरा सरकता का? दार उघडतो."

"काहून? कोन येनार हाय?"

शेजारीण होती. कढीपत्ता देऊन गेली. मी दार लावून वळलो तर शेषरावभाऊ मान वर करून त्या बेलकडे पाहत होते.

"हे वाजली काय, सर?"

"तीनदा."

"एकदा दाबा बरं."

मी बाहेर जाऊन दाबली. आत आलो.

"दाबली?"

"दाबली."

"आणखी एकदा. जोरानं."

बेल जोराने दाबली म्हणून जोराने वाजत नाही, हे त्यांनीच मला सांगायला हवं होतं. मी दाबली. ते स्टुलावरून उतरले आणि त्याच स्टुलावर बसले. हातोडी मांडीवर.

"जाड आवाज येते मले," म्हणाले. "मानूस बोलला तं येते. गाडी येते. डब्यावर हात ठेवला का हातातूनबी येते. थोडं बारीक जाऊन राह्यलं होतं, ते मालूम होतं. इतकं गेलं, हे नव्हतं मालूम."

मी डॉक्टरांचं नाव काढलं.

"डॉक्टर मशीन देईन. कानात मशीन घालून मी लोकायचा आवाज दुरुस्त कराले जाऊ काय? चाळीस वर्सापासून गाव म्हनते, मनवरचा कान हाय. रेडिओपासून म्हनते." हातोडी पिशवीत ठेवत ते म्हणाले, "कोनाले सांगू नका, सर. एवढं करा."

आता, मला काही सांगून ते कुणाला सांगू नका म्हणणं ही धाडसाची गोष्ट आहे. स्टाफरूममध्ये कुणाची बदली गुप्त ठेवायची असेल तर मी असताना बोलत नाहीत. पण ही गोष्ट मी ठेवली. सुषमाला सांगितली, पण ते घरातल्या घरात झालं.

त्यानंतर मी त्यांच्याबरोबर कामावर जाऊ लागलो. रविवारी आणि शाळा सुटल्यावर. त्यांनी बोलावलं नव्हतं, मीच म्हणालो की मला शिकायचं आहे. त्यांना खरं कारण कळलं. खुणा मात्र आम्ही नीट ठरवल्या. बारीक शिटी असली की मी चष्मा काढून पुसायचा. खरखर असली की नाक चोळायचं. सगळं ठीक असलं की एकदा खोकायचं. बाजारातले लोक विचारायचे, "काय सर, रिटायर झाल्यावरची सोय करून राह्यले काय?" मी हसायचो. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला स्वतःच्या कानांविषयी वाटणारा आदर बराच वाढला होता.

तो आदर एका तांड्यावर उतरला. कळंबपासून थोड्या अंतरावर बंजारा समाजाची वस्ती आहे. तिथल्या राठोडांच्या घरी जावयाने पुण्याहून लांबुळका साउंडबार आणला होता. शेषरावभाऊ सगळ्यांच्या जागी बसून आले, वायर जोडली, टीव्ही लावला. आवाज स्वच्छ होता. त्या दिवशी मला सर्दी झाली होती.

मी नाक चोळलं. त्यांनी वायर काढून पुन्हा लावली. मी पुन्हा चोळलं. त्यांनी वायर बदलली. राठोड म्हणाले, "भाऊ, चांगला तं येऊन राह्यला." शेषरावभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी खोकून ठीक आहे असं सांगणार, तोच शिंक आली आणि शिंकेनंतर नाक चोळणं काही माझ्या हातात नव्हतं. त्यांनी साउंडबार भिंतीवरून उतरवला. तासाभराने घरातली आजी सुनेला त्यांच्या गोरबोलीत काहीतरी म्हणाली आणि सगळं घर हसलं. मी राठोडांना अर्थ विचारला. ते सांगायला संकोचत होते.

"काही नाही, सर. म्हनते, डबा चांगला हाय. पहिले या मास्तरच्या नाकाची दुरुस्ती करा."

परत येताना मी गाडीवर त्यांच्या मागे बसलो होतो. माझ्या घरासमोर गाडी थांबवून म्हणाले, "पुढच्या टाइमाले कान खाजवा. नाकाचा भरोसा नाही."

वर्षभरातलं एक काम ते कुणी न बोलावता करायचे. त्यांच्या वस्तीत बुद्धविहार आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला वस्तीतली तरणी माणसं गाड्या भरून नागपूरला जातात. ज्यांचे गुडघे गेले, ज्यांना गर्दी झेपत नाही, ती म्हातारी माणसं मागे राहतात. त्यांच्यासाठी शेषरावभाऊ स्वतःच्या घरचा टीव्ही विहारात नेऊन ठेवायचे आणि त्याचा आवाज विहाराच्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडायचे. नागपूरचा कार्यक्रम मग थेट ऐकू यायचा. त्यातल्या कित्येकांनी लहानपणी आईबापांच्या कडेवरून दीक्षेच्या गोष्टी ऐकल्या होत्या. त्या संध्याकाळी एक शब्द चुकला तर पुढे वर्षभर थांबायचं, असं शेषरावभाऊ म्हणायचे. त्या वर्षी ते चार दिवस आधीपासून अस्वस्थ होते.

"पाच वाजता या, सर. माह्या समोर बसा. दुसरं काही नाही करा लागत."

मी येतो म्हणालो. आणि त्या दिवशी सकाळी एका कामासाठी यवतमाळला गेलो. परतीची बस वाटेत बंद पडली. विहाराशी पोचलो तेव्हा कार्यक्रम सुरू झाला होता. शिटी मला रस्त्यावरूनच ऐकू आली. बारीक, एकसारखी, कानात सुई फिरवावी तशी.

आत सतरंजीवर पांढऱ्या कपड्यांतली म्हातारी माणसं दाटीवाटीने बसली होती. पडद्यावर नागपूरचा मंच, मंचावरून कुणी बोलत होतं आणि त्या बोलण्यावर ती शिटी. वंदनेसाठी लावलेला माइक चालूच राहिला होता आणि कुणीतरी तो डब्याच्या तोंडाशी सरकवला होता. एवढंच. काही जण खाली पाहत होते. अ‍ॅम्प्लिफायरपाशी शेषरावभाऊ ताठ बसले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर काम नीट झाल्याचं समाधान होतं. ते मला पाहवेना.

मी दारातच चष्मा काढून पुसू लागलो. त्यांनी मला पाहिलं. हात बटणाकडे गेला. एक बटण थोडं फिरवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुसतच होतो. दुसरं फिरवलं. मी पुसतच होतो. मग त्यांनी बटणावरून हात काढला आणि माझ्याकडे न पाहता समोरच्या माणसांकडे पाहिलं. एका रांगेकडे, मग दुसऱ्या. पुढे बसलेल्या बायांनी कानांवर पदर दाबून धरले होते.

ते उठले. टीव्हीचा आवाज कमी केला आणि माइक हातात घेतला. शिटी आणखी चढली.

"मले ऐकू नाही येऊन राह्यलं," ते म्हणाले. "बारीक आवाज मले ऐकूच येत नाही आता. शिटी वाजून राह्यली असन तं हात वर करा. बंद झाली का खाली करा."

सगळे हात वर गेले. गुडघ्यांवर हात ठेवून बसलेली माणसं, काठ्या बाजूला ठेवून, एकेक हात वर. मीही दारात चष्मा धरलेला हात वर केला.

पहिल्या रांगेत सुभद्राबाई बसल्या होत्या. वस्तीत सगळ्यात वडील, आणि आवाज असा की त्यांना माइक लागत नाही. हात वर ठेवूनच त्या म्हणाल्या, "आमाले मालूम हाय, शेषराव."

"काय मालूम हाय?"

"तुह्ये कान गेले ते. दोन वर्स झाले. तू विचारशीन तं सांगू म्हनलं."

"मंग सांगतलं काहून नाही, मावशी?"

"तू विचारलं काहून नाही?"

विहारात हसू पसरलं. शेषरावभाऊही हसले, पण बटणाकडे वळायला त्यांना थोडा वेळ लागला. मग त्यांनी माइक डब्यापासून दूर नेला. मागच्या रांगेतले हात खाली आले. माइकचं तोंड थोडं वळवलं, बारीक आवाजाचं बटण हळूहळू उतरवलं. मधले हात खाली आले, मग कडेचे. ते बटणाकडे पाहतच नव्हते. हातांकडे पाहत बोटांनी फिरवत होते. शेवटी एकच हात वर राहिला. सुभद्राबाईंचा.

"अजून वाजून राह्यली?"

"शिटी नाही वाजत. मले त्या टीव्हीतलंच काही ऐकू येत नाही. मंगापासून."

त्यांनी टीव्हीचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा केला, एक लहान डबा उचलला, त्याची वायर लांबवली आणि तो मावशींच्या गुडघ्याशी नेऊन ठेवला. मग त्यांच्या शेजारीच सतरंजीवर बसले. उरलेला सगळा कार्यक्रम त्यांनी तिथूनच ऐकला. अ‍ॅम्प्लिफायरजवळ मला बसवलं होतं. काही बिघडलं नाही, म्हणून मला काही करता आलं नाही.

खीर वाटून झाल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. मी उशिराबद्दल माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी ती ऐकली नाही, की ऐकू आली नाही, ठाऊक नाही.

"यवतमाळले तुमी पुन्हा कवा जानार हाये, सर?" त्यांनी विचारलं.

पुढच्या आठवड्यात आम्ही गेलो. कान तपासणाऱ्या मुलीने त्यांना काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन घातले आणि आवाज आला की बटण दाबायला सांगितलं. पाच मिनिटांत ते हेडफोन हातात घेऊन बाहेर आले.

"बाई, डाव्या बाजूची वायर पिनेपाशी ढिली हाय. मधात मधात आवाज जाऊन राह्यला. असं तपासलं तं सगळेच बहिरे निघतीन."

मुलीने मोठ्या समजुतीने सांगितलं की काका, तुम्हाला तसं वाटत असेल. तरी वायर हलवून पाहिली. ढिली होती. तिने हेडफोन बदलला, सगळी तपासणी पुन्हा केली आणि बाकीचा वेळ त्यांच्याशी फार अदबीने बोलली.

आता शेषरावभाऊ आपल्या लेकीकडे वणीला असतात. फोनवर बोलणं होतं, पण भेट नाही. मला ते दिसतात ते यवतमाळच्या त्या दिवशीचे.

मशीन बसवून आम्ही बाहेर आलो. दुपारची वेळ, रस्त्यावर ऑटो, गाड्या, रसवंतीचं घुंगरू. मी त्यांना दुकानाच्या सावलीत उभं केलं आणि समोर लावलेली गाडी आणायला रस्ता ओलांडला. गाडी वळवून पाहतो, तर ते सावलीत नव्हते. भर उन्हात, खाली मान घालून चार पावलं पुढे जात होते, थांबत होते, चार पावलं मागे येत होते. जाणारे-येणारे त्यांना वळसा घालून जात होते. मी गाडी जवळ नेली.

"काय झालं, भाऊ? काही पडलं का?"

त्यांनी मान वर केली.

"माही चप्पल इतकी वाजते, सर? सगळ्यायच्या घरात मी असाच वाजत जात होतो काय?"

मी काही सांगेपर्यंत त्यांनी पाठ फिरवली होती. आणखी चार पावलं चालून पाहायची होती त्यांना.